धुक्यातली अडत

प्रिय अनय आणि ओवी,

अप्पांबद्दल आधी इंग्रजीत लिहायला बसले होते. पहिल्याच परिच्छेदात ते शांत, भारदस्त, मोजकं बोलणारे गृहस्थ होऊन बसले. तो कागद फाडला आणि मराठीत सुरुवात केली. ओवी, वाचताना कुठे अडलीस तर अनयला विचार. अप्पांना फोन लावून विचारू नकोस. हे पत्र माझं आहे.

आत्ताच का लिहिते, तेही सांगते. गेल्या रविवारी अनय फोनवर म्हणाला, "आजी, आता नवे सेन्सर आलेत. ते थेट क्लाउडशी बोलतात, मधला डबा लागत नाही. तू तर वर्षभर त्या डब्याची तक्रार करते आहेस. या वेळी आलो की काढून टाकू?" मी म्हटलं, लिहून कळवते. तू हसलास. यात लिहून कळवण्यासारखं काय आहे, असं तुला वाटलं असेल. आहे. नीट वाच.

तर अप्पा. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आपल्या घराला चिकटून ज्यांचं घर आहे ते शिवलिंगप्पा. दोन घरांत मिळून एकच भिंत. सगळी पेठ त्यांना अप्पा म्हणते. रोज सकाळी अंघोळ आणि लिंगपूजा झाली की अप्पा कपाळाला विभूती लावतात आणि बोटांना उरलेली विभूती कोनाड्यातल्या त्या काळ्या डब्यावर ओढतात. तीन सरळ पट्टे. मग कमरेत वाकून डब्याला विचारतात, "काय, माल आला का?"

डब्याचा हिरवा दिवा लुकलुकतो. अप्पा "हौद्री" म्हणतात, म्हणजे कानडीत 'होय', आणि चहाला बसतात. अनय, यंत्रावर धूळ बसू देऊ नका असं तू बजावून गेला होतास. विभूती धुळीत धरायची का, ते तुझं तू ठरव.

अप्पांनी जन्मभर बाजार समितीत कांद्याची अडत केली. ओवीसाठी सांगते: शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधे जो बसतो तो अडत्या. गाडी आली की पोती उतरवून घ्यायची, माल ओतायचा, निवडायचा. मोठा गोळा कांदा वेगळा, मध्यम वेगळा, अगदी बारीक ती गोल्टी वेगळी. सडका असेल तो तिथेच काढून टाकायचा. मग लिलाव. अप्पांची कीर्ती अप्पांच्याच तोंडून ऐकावी: "माझ्या अडतीतनं सडका माल कदी वर गेला न्हाय, बाई. शिवलिंगप्पाचं पोतं म्हटलं की व्यापारी उघडून बघत नव्हता. डोळं झाकून काटा!"

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते म्हणून मला ते 'बाई' म्हणतात. सगळी पेठच म्हणते. पण अप्पांच्या 'बाई'त थोडा दम दिल्यासारखा सूर असतो.

गुडघे गेले तशी अडत बंद झाली. गाळा पुतण्याने घेतला. निवडायची सवय मात्र कुणी घेतली नाही. अप्पा सगळं निवडतात. सकाळचा पेपर आला की बातम्या निवडतात: ही गोळा, ही मध्यम, ही गोल्टी. लग्नपत्रिका निवडतात आणि गोल्टी लग्नांना सरळ जात नाहीत. माझं इंग्रजी गोळा आणि माझी आमटी मध्यम, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं आहे. तुमच्या आजोबांनीही इतकी वर्षं ही हिंमत केली नव्हती.

त्यांच्या बायकोची, गौराक्कांची, तुम्हाला आठवण असेल. ओवीच्या खिशात शेंगदाण्याचे लाडू कोंबणाऱ्या त्या. अप्पा बाजारातून आले की त्या उंबऱ्यात उभ्या राहून विचारायच्या, "इवत्त येन माल बंतु?" म्हणजे आज काय माल आला? भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. अप्पा चपला काढता काढता सांगायचे. हमालांची भांडणं, बुडालेले व्यवहार, दराची पडझड यांतलं काही नाही. कुणाच्या गाडीत सशाचं पिल्लू निघालं, कुणाच्या कांद्याला बक्षीस मिळालं, तेवढंच. गौराक्का गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. मूलबाळ नाही. पुतण्या सणावाराला येतो.

आता डबा कसा आला ते. ओवी त्या वेळी इथे नव्हती, म्हणून पहिल्यापासून सांगते.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. येईल त्या दिवशी हौद भरून घ्यायचा आणि मोटारीने वरच्या टाकीत चढवायचं. टाकी भरली की मोटार बंद करायची, हे काम इतकी वर्षं माझ्या कानाने केलं. पण अनयला आजीच्या कानाचा भरवसा वाटेना. त्याने टाकीत सेन्सर बसवला, मोटारीला बसवला, फ्रीजला, गॅसला, पुढच्या दाराला, गच्चीच्या दाराला बसवला. घराचा कुठलाही भाग हलला की ती बातमी दूर देशातल्या, यंत्रांनी भरलेल्या कोठारात जायची. त्या कोठारांना क्लाउड म्हणतात. तिथून निरोप तुमच्या फोनवर.

खरं सांगू? ते दिवस फार चांगले गेले. मी कोथिंबीर ठेवायला फ्रीज उघडावा आणि माझा फोन वाजावा. "आजी, फ्रीज उघडा राहिलाय का?" "अगं हो, कोथिंबीर ठेवते आहे." "बरं. जेवलीस का?" आणि मग गप्पा. गच्चीचं दार उघडलं की अनय, फ्रीज उघडला की ओवी. मी गच्चीवर जरा जास्तच जायला लागले होते.

मग पाणी आलं त्या दिवशी गल्लीत कुणीतरी खड्डा खणला आणि नेटची वायर तुटली. टाकी भरली. सेन्सरने क्लाउडला कळवायचा प्रयत्न केला, क्लाउडला काही ऐकू गेलं नाही, आणि मी निर्धास्त बसून शब्दकोडं सोडवत होते, कारण आता यंत्र बघतंय ना. आपल्या गच्चीवरून पाणी गल्लीत धो धो. ज्या पेठेत बायका एक घागर पाण्यावरून वर्षभर बोलत नाहीत, तिथे भर दुपारी माझं पाणी गटारात. शेजारपाजारचे सगळे बाहेर आले. अप्पा हातात काठी घेऊन ओरडत होते, "बाई, ढग फुटला तुमचा!"

अनय, त्यानंतरच्या सुट्टीत तू आलास आणि जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलंस. क्लाउड लांब आहे. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट तिथपर्यंत नेऊन निर्णय परत आणायचा म्हणजे उशीर, आणि वायर तुटली तर काहीच नाही. म्हणून घराजवळच एक मधला थर ठेवायचा. यंत्रांच्या बातम्या आधी तिथे येतील, लहान निर्णय तिथेच होतील, मोटार तिथूनच बंद होईल, आणि मोठी, महत्त्वाची गोष्ट तेवढीच वर जाईल. याला फॉग कंप्युटिंग म्हणतात, कारण धुकं म्हणजे जमिनीवर उतरलेला ढग. मला ते पटलं. छान व्याख्या होती. मी मनात शाबासकी दिली.

अप्पा आपल्याकडे चहाला बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "आरं, ही तर अडत हाय की!"

"म्हणजे?" तू विचारलंस.

"माल आला, निवडला, गोल्टी हितंच ठेवली, गोळा वर पाठवला. अडतच की! मग अडतीला माणूस कोण?"

"माणूस लागत नाही अप्पा. डबाच निवडतो."

"नोड्री, बघा बाई, पोरगा काय म्हणतो. मधे माणूस न्हाय म्हणे!" अप्पांना हसू आवरेना. "आरं, मधे माणूस पाहिजे. काटा खोटं बोलत न्हाय, पण काट्याला काय कळतंय?"

हा डबा खरं म्हणजे आपल्या घरी बसायचा होता. सुरुवातीला तो आपल्याच दिवाणखान्यात बसवलाही होता. पण बाहेर जाताना आणि झोपताना दिवाणखान्यातली सगळी बटणं बंद करायची, ही माझी लग्नापासूनची शिस्त. घराबाहेर पडताना वीज चालू ठेवून जाणं मला उघड्या दारासारखं वाटतं. डबा दर वेळी बंद पडायचा. तू दोनदा समजावलंस, तिसऱ्यांदा डबा उचललास आणि अप्पांच्या घरी नेलास. त्यांच्याकडे मोठा इन्व्हर्टर आहे, आणि सामाईक भिंतीतून आपल्या घरचे सिग्नल पोचतात. शिवाय अप्पांनी हट्ट करून स्वतःच्या घरालाही सेन्सर लावून घेतले आणि एक टॅब मागून घेतला. गॅस किंवा मोटार असलं काही झालं तर डबा आपणहून बघतो. बाकीच्या किरकोळ बातम्या टॅबवर येतात आणि प्रत्येक बातमीखाली दोन बटणं: 'इथेच ठेवा' आणि 'वर पाठवा'. ती बटणं तू अप्पांच्या समाधानासाठी केली होतीस. अप्पांनी दुसऱ्या दिवशी टॅबसमोर गादी घातली, लोड ठेवला आणि अडत उघडली.

त्या दिवसापासून माझा फोन वाजायचा थांबला.

मी गच्चीवर जाऊन आले. काही नाही. फ्रीज उघडून त्याच्यासमोर उभी राहिले. काही नाही. शेवटी तो उघडाच ठेवून खुर्चीवर बसले आणि फोन मांडीवर घेतला. भिंतीपलीकडून हाक आली, "बाई, फ्रीज लावा की! दही आंबंल!"

"तुम्हाला काय करायचंय?" मी ओरडले.

"गोल्टी माल हाय, हितंच ठेवलाय. लेकरांना कशाला तरास!"

बघा. माझी नातवंडं, माझा फ्रीज, माझं दही, आणि मधे हे.

तुम्ही फोन करत नव्हतात असं नाही. रविवारी करायचात. पण अप्पांना मात्र अधेमधे कधीही. डब्याचं काहीतरी अपडेट असायचं म्हणे. भिंतीला कान लावायची मला गरज नाही, भिंतच तशी आहे. अनयचा आवाज कळायचा नाही, पण अप्पांचं हसणं कळायचं. अपडेट करताना इतकं हसण्यासारखं काय असतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि त्याखेरीज दिवसातून एखाद्या वेळी त्यांच्या घरात 'टिंग' असा बारीक आवाज व्हायचा. देवघरातली छोटी घंटा वाजावी तसा. अप्पांचा स्वतःचा फोन तर ट्रकच्या हॉर्नसारखा वाजतो. म्हणजे हा टॅब असणार. म्हणजे ओवीचा मेसेज असणार. मी इकडे शब्दकोडं घेऊन बसायचे, तिकडे टिंग व्हायचं, आणि माझा शब्द चुकायचा.

एका रविवारी ओवी मला म्हणाली, "आजी, सगळं चलो अदा!" चांगलं आहे, असं कानडीत. या मुलीला मी दूरवरून, किती चिकाटीने, मराठी विभक्ती शिकवल्या. त्या राहिल्या नाहीत. शेजारची कानडी राहिली.

त्याच आठवड्यात अप्पा दारात उभे राहून सहज म्हणाले, "ओवीनं केस कापले. लई बारीक. चांगले दिसतात."

मला माहीत नव्हतं. "मला माहीत आहे," मी म्हटलं.

"फोटो बघितला तुमी?"

"बघितला."

"कुठला बघितला? निळ्या टोपीचा का कुत्र्यासंगटचा?"

"दोन्ही," मी म्हटलं आणि दार लावलं. दाराची बातमी अप्पांच्या टॅबवर गेली. ती त्यांनी वर पाठवली नाही.

आमच्या दोन्ही घरी सावित्री भाकरी करते. ती या सगळ्या कारभाराच्या उलट. तिच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, जसंच्या तसं, पिठाच्या हातासकट. तिला मी विचारलं, "अप्पा मुलांशी काय बोलतात गं?"

"लई बोलत्यात. तुमचंच बोलत्यात."

"माझं काय?"

ती तवा घासायला लागली. सावित्री गप्प बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि मला जे वाटायचं ते वाटलं. माझी तक्रार होत असणार.

तेव्हाच मी अनयला म्हणाले की हा डबा काढ. तू म्हणालास, "आजी, सगळं तर व्यवस्थित चालू आहे." हेच तर दुखणं होतं. सगळं व्यवस्थित चालू होतं, म्हणून कुणाला फोन करायचं कारण नव्हतं.

आणि मग, तुम्हालाही आठवत असेल, एकदम बारीकसारीक गोष्टींवरून तुमचे फोन पुन्हा यायला लागले. संध्याकाळी ओवी: "आजी, फ्रीज उघडा आहे म्हणून मेसेज आला." मी बघते तर फ्रीज घट्ट लावलेला. दुसऱ्या वेळी अनय: "गच्चीचं दार?" दार दुपारीच लावलेलं. फोन आला याचा आनंद झालाच. पण चुगली झाली याचा संताप त्याहून मोठा. आणि आत कुठेतरी, लपवत नाही, एक गोड समाधानही होतं. अप्पांची अडत चुकली! शिवलिंगप्पाच्या पोत्यातून शिळा माल वर गेला!

मी लगेच शेजारी गेले. "अप्पा, माझा फ्रीज बंद असताना उघडा कसा कळवलात?"

अप्पांनी टॅबकडे बघितलं, मग छताकडे. "बोट लागलं, बाई."

"बोट?"

"हां. लागतं कदी कदी. वय झालं."

दोन दिवसांनी पुन्हा बोट लागलं. मग परत. मी सोडलं नाही. भाजीवालीसमोर म्हटलं, गल्लीतल्या चौथऱ्यावर बसणाऱ्या त्यांच्या मित्रांसमोर म्हटलं, "अप्पांची अडत बसली हो! गोळा आणि गोल्टी कळेनाशी झाली!" मित्र हसले. कांद्याच्या एका पोत्यावरून भर लिलावात फेटा काढून भांडलेले हे गृहस्थ. त्यांना कुणी असं म्हटलं की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं. अप्पा नुसते कान खाजवत म्हणाले, "व्हय, जरा चुकतंय आताशा," आणि आत गेले. जिंकल्यावर जेवण गोड लागायला हवं. त्या दिवशी मला आमटी मध्यमच लागली.

या महिन्यात अप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा, आणि डॉक्टरांची ताकीद की टॅब बघायचा नाही. चहाच्या वेळेला सावित्री निरोप घेऊन आली, "अप्पांनी बोलावलंय. अडत बंद हाय म्हणत्यात. तुमी वाचून दावा."

मी साडी बदलून गेले.

अप्पा पलंगावर लोडाला टेकून बसले होते. टॅब गादीवर होता. वर्षभर ज्या गादीकडे मी दारातून बघत होते, तिच्यावर मी बसले, चष्मा पुसला, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये बसावं तशी ताठ झाले.

"सांगा, काय माल आलाय?"

"बाईंचं घर. गच्चीचं दार उघडं."

"कपडे वाळत घातले असतील तुमी. गोल्टी. ठेवा."

"अप्पांचं घर. पुढचं दार उघडं."

"ही आता तुमी आला की. ठेवा."

"बाईंचं घर. फ्रीज उघडा." मी घसा साफ केला. "कोथिंबीर होती."

"रोज कोथिंबीर! किती खाता, बाई? ठेवा."

स्वयंपाकघरात सावित्रीचा भाकरी थापण्याचा आवाज चालू होता. अप्पांनी मान भिंतीकडे वळवली. आपल्या घराच्या भिंतीकडे.

"आज तुमचा फोन वाजला न्हाय."

"नाही."

"काल बी न्हाय."

"ओवीची परीक्षा चालू आहे," मी म्हटलं.

"संपली. बुधवारी." हेही त्यांनाच माहीत. "मग त्यो फ्रीजचा माल पाठवा वर."

"अप्पा, फ्रीज बंद करून आले मी."

"म्हाईत हाय की मला. शिळा माल हाय. पण तिकडं भाव कुणाला कळतोय? पाठवा."

मी टॅब मांडीवर ठेवला. "म्हणजे इतके दिवस बोट लागत नव्हतं?"

"बाई," अप्पा जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "जन्मभर कांदा निवडला. बोट कुठं लागतंय?"

स्वयंपाकघरातून सावित्री म्हणाली, "मला ठावं हुतं! पन अप्पांनी सिद्धेश्वराची आन घातली हुती!"

मी बटण दाबलं. मी लगेच पुढची बातमी वाचली. "अप्पांचं घर. मागचं दार उघडं."

"ते पण पाठवा वर."

"हे तर सावित्रीने उघडलंय. गोल्टी आहे."

"आसूद्या. दिवसात आमचं एक जातं."

मी दाबलं. कोनाड्यात, विभूतीचे पट्टे ओढलेल्या त्या डब्यामागे, टिंग झालं.

तोच आवाज. मी उठले आणि डब्यामागे बघितलं. एक साधा, बटणांचा छोटा फोन चार्जिंगला लावलेला होता. मागच्या बाजूला शेंदरी रंगाची टिकली चिकटवलेली. टिकली मी ओळखली. गौराक्का आपल्या प्रत्येक वस्तूवर खूण म्हणून टिकली लावायच्या, आपल्या तांब्याभांड्यांवर, छत्रीवर, सगळ्यावर.

"अनय म्हणाला, अप्पा, वर कुणाचा तरी नंबर पाहिजे, न्हाईतर हे पुढं जात न्हाय," अप्पा म्हणाले. "मला पाठ होता त्यो एकच नंबर."

मी फोन होता तसा परत ठेवला.

"इचारायची ना ती रोज," ते म्हणाले. "आज काय माल आला म्हणून."

इतक्यात भिंतीपलीकडे माझा फोन वाजला. ओवीचा. पट्टी बांधलेले अप्पा पलंगावरून अर्धे उठले आणि लिलावाच्या आवाजात ओरडले, "माल पोचला! जावा की, बाई! पळा!"

मी पळाले. या वयात जेवढं पळता येतं तेवढं. फोन उचलला. "हॅलो ओवी! फ्रीज ना? अगं, तो बंद आहे—"

"आजी," तू म्हणालीस, "आधी सांग, अप्पांचा डोळा कसा आहे?"

लिहून ठेव, ओवी. आधी अप्पांचा डोळा. मी ते अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. वर्षभरात माझ्या गुडघ्याची अशी चौकशी कुणी केल्याचं मला आठवत नाही.

तर अनय, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. थेट क्लाउडशी बोलणारे ते नवे सेन्सर आणू नकोस. डबा काढू नकोस. तुम्ही फोन करता ते मला आवडतं, कुणामुळे करता ते मला आवडत नाही, आणि या दोन्ही गोष्टी तशाच राहतील. फक्त एक काम कर. अप्पांच्या घराच्या बातम्या वर ज्या नंबरवर जातात, त्याला हात लावू नकोस. पण त्याच्या खाली दुसरा नंबर घालता येत असेल तर माझा घाल. अप्पांना विचारू नकोस. ते गोल्टी म्हणतील.

आणि निळ्या टोपीचा फोटो मला पाठवा. कुत्र्यासोबतचाही. मी अजून दोन्ही पाहिलेले नाहीत.

अप्पांची पट्टी काल निघाली. डबा कोनाड्यात आहे. मागे गौराक्कांचा फोन चार्जिंगला आहे. हिरवा दिवा चालू आहे.

तुमची,
आजी